निखाऱ्यावरचा हात

शाळेच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो : वडिलांचा व्यवसाय. मी शिक्षिका. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दर जूनमध्ये असे शेकडो अर्ज माझ्या हाताखालून जातात. शेती, मासेमारी, रिक्षा, गवंडीकाम, परदेशी नोकरी. आमच्या खाडीकाठच्या गावात परदेशी नोकरी म्हणजे आखात, हे सांगावं लागत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या अर्जावर या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात वर्षानुवर्षं एकच लिहीत आले : सुपरवायझर, दुबई.

हे 1999 साली दुबईला गेले. 2003 साली आमचा निकाह झाला. स्थळ सांगणाऱ्या खालांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलगा हॉटेल लाईनमध्ये आहे, चांगल्या पोस्टवर." चांगली पोस्ट म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. 'सुपरवायझर' हा शब्द कुठून आला, कुणी पहिल्यांदा उच्चारला, मला आठवत नाही. तो आला आणि चिकटला. यांनी कधी त्याला दुजोरा दिला नाही, कधी खोडलंही नाही. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर यायचे, तेव्हा पाहुण्यासारखे. पाहुण्याला कुणी स्वयंपाकघरात जाऊ देतं का?

2020 च्या साथीत ते काम करत होते ते हॉटेल बंद पडलं. ऑगस्टमध्ये ते परत आले, एकवीस वर्षांचा संसार दोन बॅगांत घालून. अल्लाहच्या कृपेनं माझी नोकरी होती, त्यामुळे चूल बंद पडली नाही. पण घरात एक वेगळीच अडचण झाली. आम्ही चौघं, म्हणजे सासूबाई, दोन मुलं आणि मी, त्यांच्याशिवाय जगायला शिकलो होतो. गॅसचा नंबर मी लावायची, विजेचं बिल मी भरायची, मुलाला रागवायची मी आणि जवळ घ्यायचीही मी. ते दिवसभर पडवीतल्या झोपाळ्यावर बसून असायचे. मुलं त्यांच्याशी अदबीनं बोलायची, अगदी हेडमास्तरांशी बोलावं तशी. अदब होती, पण ओळख नव्हती.

अशी दोन वर्षं गेली.

2022 च्या डिसेंबरातला एक रविवार. थोरली तेव्हा बारावीत होती. तिनं मोबाईलवर कुठंतरी ब्राझीलची भाजलेली कोंबडी पाहिली आणि माझ्यामागे लागली, "अम्मी, आज हे करू या." मी कृती वाचली. लसूण, लिंबू, मीठ, मिरी इथपर्यंत ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, एक कप व्हाईट वाईन.

"हे आपल्या घरात होणार नाही," मी मोबाईल परत दिला.

"वाईनच्या जागी दुसरं काही चालेल ना?"

"मला काय माहीत? मी कधी केलंय का?"

तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "वाईन लागतच नाही त्यात. तिचं काम आंबटपणाचं. लिंबू पुरतं. फार तर चमचाभर सिरका."

आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो. ते झोपाळ्यावरून उठले, आत आले आणि मुलाला म्हणाले, "चल, कोंबडी आणू. कातडी काढू नको म्हणून सांगायचं त्याला."

कोंबडीवाला दोनदा विचारून घेतो म्हणे, "कातडीसकट? नक्की?" आपल्याकडे कातडी सोलूनच देतात. आपल्या रश्श्यात तिचं काम नसतं. पण निखाऱ्यावर तीच कोंबडीचं छत्र असते. तिच्यातली चरबी हळूहळू वितळून मांसावर उतरते, म्हणून आतला भाग कोरडा होत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं या घरात स्वयंपाक केला मी, पण निखाऱ्याबद्दल मला काही म्हणजे काही येत नव्हतं.

त्यांनी कोंबडी पाटावर उलटी ठेवली, पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढला, मग ती सुलटी करून छातीवर तळहात दाबला. कट् असा आवाज झाला आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडली. मिनिटभराचं काम. सासूबाई तसबीह थांबवून बघत होत्या. इतकी सफाई सुपरवायझरच्या हातात नसते. मला तिथंच कळलं. पण मी काही बोलले नाही.

अंगणात जुनी लोखंडी शेगडी होती. सासूबाईंनी नारळाच्या करवंट्यांचं पोतं दाखवलं. करवंटी पेटली, तिच्यावर कोळसा, आणि अर्ध्या तासानं निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरला. मग त्यांनी बाही वर केली, जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळहात धरला आणि मोजायला लागले, "उम, दोइस, त्रेस, क्वात्रो, सिंको..."

पाचाला हात मागे घेतला. "आता बरोबर आहे."

मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "अब्बा, हे काय बोललात?"

"पोर्तुगीज. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचपर्यंत हात टिकला तर आच कोंबडीला योग्य. दोनालाच मागे घ्यावा लागला तर वरून जळणार आणि आत कच्ची राहणार."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

निखाऱ्यांकडे बघतच त्यांनी उत्तर दिलं. सावकाश, जणू कुणा तिसऱ्याबद्दल बोलताहेत. पहिली नऊ वर्षं भांडी आणि फरशी. मग हॉटेलात ब्राझील पद्धतीचं ग्रिल सुरू झालं. तिथला उस्ताद दक्षिण ब्राझीलचा, रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातला म्हातारा. त्यानं यांना भांड्यांवरून उचलून शेगडीशी उभं केलं. पुढची बारा वर्षं हे तिथेच उभे होते. रोज दहा-दहा तास, पन्नास अंशांच्या उन्हाळ्यातसुद्धा, आगीच्या पुढ्यात.

मुलानं त्यांच्या वर केलेल्या बाहीकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत आडवे, फिकट, गुळगुळीत डाग होते. मी ते पूर्वीही पाहिले होते. एकदा विचारलं तेव्हा "गरम पाण्याचा पाईप लागला" म्हणाले होते आणि मी ते मानलं होतं. एक पाईप इतक्या वेळा कसा लागेल, हा हिशेब मी, हिशेबाला पक्की म्हणवणारी बाई, कधी केला नव्हता.

मुलगा काही बोलला नाही. पंखा घेऊन शेगडीच्या पलीकडे बसला आणि वारा घालू लागला. "हळू," हे म्हणाले, "राख उडेल." दोन वर्षांत त्या दोघांमध्ये एवढं लांब संभाषण झालं नव्हतं.

जेवताना दस्तरखानावर त्यांनी त्या देशाबद्दल सांगितलं. त्यातलं बरंच मी नंतर वाचून पडताळलं, मास्तरकीची सवय. ब्राझीलच्या दक्षिणेला मोठमोठी गवताळ मैदानं आहेत. तिथल्या गुराख्यांना 'गाउशो' म्हणतात. दिवसभर घोड्यावर, रात्री आगीजवळ. मांसाचा मोठा तुकडा सळईला लावायचा, जाडं मीठ चोळायचं आणि निखाऱ्यावर धरायचा, एवढीच त्यांची पाककला. त्यालाच 'शुरास्को' म्हणतात. पुढे शहरांत त्याची खानावळ झाली. वाढपी मोठमोठ्या सळया हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात आणि तिथेच कापून वाढतात. आपण बाजारात पेरी-पेरी चिकन बघतो आणि तेच ब्राझीलचं समजतो, पण ते आफ्रिकेतल्या मोझांबिक-अंगोलाकडचं आणि पोर्तुगीजांचं. ब्राझीलच्या कोंबडीत तिखटाचा जोर नसतो. लसूण, लिंबू आणि मीठ बोलतं.

थोरलीनं विचारलं, "पण अब्बा, तिथलं हलाल असतं का?"

"आम्ही दुबईत खात होतो ती बहुतेक कोंबडी ब्राझीलचीच," ते म्हणाले. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं. पण खरंच, जगात सर्वांत जास्त कोंबडी निर्यात करणारा देश ब्राझील आणि हलाल कोंबडीच्या निर्यातीतही तोच पुढे. दक्षिणेकडच्या पाराना, सांता कातारीना या प्रांतांत मोठे कारखाने आहेत. आखातासाठी जाणाऱ्या कोंबडीवर अल्लाहचं नाव घेऊन सुरी चालवणारा मुसलमान असावा लागतो. त्यांत कितीतरी जण बाहेरच्या देशांतून पोटासाठी तिथं गेलेले. खोक्यावर अरबी अक्षरं, आत किलो-सव्वा किलोची गोठलेली कोंबडी. आखातात राहून आलेल्या कोकणातल्या घरांना ती खोकी नीट माहीत आहेत. म्हणजे पोटासाठी समुद्र ओलांडलेल्या एका मुसलमानानं हलाल केलेली कोंबडी, पोटासाठी समुद्र ओलांडलेला दुसरा मुसलमान दुबईत भाजत होता. आणि त्या भाजण्यातून आमच्या घराची कौलं बदलली, मुलांची फी भरली गेली.

मात्र ब्राझीलची प्रत्येक कृती आपल्याला जशीच्या तशी चालणार नाही, हेही त्यांनी बजावलं. तिकडे बऱ्याच घरांत कोंबडी बियरमध्ये किंवा वाईनमध्ये मुरवतात आणि सळईवर लावताना पुष्कळदा डुकराच्या मांसाची पट्टी गुंडाळतात. मोबाईलवरच्या कृती बघून करणाऱ्या मुलींनी घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. "शिजताना दारू उडून जाते" असं सांगणारे भेटतील. सगळी उडत नाही आणि प्रश्न तेवढ्यापुरता नसतोही. त्यातलं काहीच चवीसाठी अडत नाही, हे मी आता खात्रीनं सांगू शकते.

आणखी एक गोष्ट वाचताना सापडली आणि मी ती दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. आमच्या दारातलं काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्याकडे आणलं आणि तिथून ते कोकणभर झालं. 'काजू' हा शब्दसुद्धा ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आला. ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कसावाही तिकडचाच. तिकडे त्याचं पीठ लोण्यात परतून भाजलेल्या मांसावर भुरभुरतात, त्याला 'फारोफा' म्हणतात. ज्या देशाचं नाव आम्ही फुटबॉलपुरतं घेतो, तो चारशे-पाचशे वर्षं आमच्या अंगणात उभा आहे!

पण त्या रात्री मला झोप आली नाही ती काजूमुळे नाही.

मुलं झोपल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा सांगणार होतो. तुझ्या शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. तू त्यांना सांगितलंस, 'हे दुबईला सुपरवायझर आहेत.' तुझा चेहरा असा खुलला होता. मग नाही सांगितलं."

मला तो दिवस आठवला. तो चेहराही आठवला. शिक्षकखोलीत मी हा शब्द किती वेळा आणि किती चवीनं वापरला होता! खोटं कुणी बोललं होतं? ते गप्प राहिले, एवढाच त्यांचा दोष. त्या गप्प राहण्याला मी बक्षीस देत गेले. वर्गात मी मुलांना शिकवते की कुठलंही हलाल कष्टाचं काम हलकं नसतं, आपले पैगंबर साहेब (स.) स्वतः घरकामात हात लावत. आणि माझ्याच घरातला माणूस आपल्या कष्टाचे डाग बाहीखाली लपवत होता, कारण त्याच्या बायकोला 'सुपरवायझर' हा शब्द आवडत होता.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे. लसूण थोडा कमी पडला आज." एवढंच.

आता कृती. वाचक भगिनींनी आणि विशेषतः भावांनी करून बघावी, म्हणून आमच्या घरी होते तशी सांगते.

एक किलोची कोंबडी, कातडीसकट, कणा काढून उघडलेली. तशी जमत नसेल तर पूर्ण तंगड्या घ्या. बारा-पंधरा पाकळ्या लसूण आणि तीन लहान चमचे सपाट जाडं मीठ एकत्र ठेचा. त्यात दोन रसदार कागदी लिंबांचा रस, एक चमचा सिरका, दोन मोठे चमचे तेल, एक चमचा भरडलेली मिरी आणि रंगापुरती एक चमचा काश्मिरी मिरची पूड. थोरली त्यात पिझ्झाबरोबर येणारं ओरेगानोही घालते. हे सगळं कातडीच्या वर आणि बोटानं कातडीच्या खाली चोळा. तीन तास फ्रीजमध्ये पुरे. रात्रभर ठेवू नका, लिंबानं मांस पांढरं आणि भुसभुशीत होतं. दही नको, गरम मसाला नको, लाल रंग तर नकोच. हात शिवशिवतो, पण आवरा. मी पहिल्यांदा चोरून हळद घातली होती. त्यांना वासावरून कळलं.

शेगडी नेहमी अंगणात किंवा गच्चीवर, उघड्यावरच पेटवा. बंद खोलीत कोळशाचा धूर जीव घेतो. निखारे राखाडी झाले की सगळे एका बाजूला सारा. वर हात धरून पाचापर्यंत मोजा. कोंबडी आधी निखारे नाहीत त्या बाजूला ठेवा, हाडाची बाजू खाली आणि कातडी वर. त्यावर एक मोठं पातेलं उपडं घाला. पंचवीस मिनिटं उघडून बघू नका. मग उलटून कातडीची बाजू निखाऱ्यांकडे, दहा ते बारा मिनिटं, डोळ्यांत तेल घालून. चरबी ठिबकून जाळ उठला तर बाजूला सरकवा. शेवटी वितळलेल्या लोण्यात ठेचलेला लसूण घालून तो वरून लावा. कच्च्या कोंबडीचा उरलेला मसाला वरून लावायचा नाही. मांडीच्या जाड भागात सुरी टोचली की रस स्वच्छ यावा, गुलाबी नाही. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी 74 अंश बघावेत. शेगडी नसेल तर ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास. उतरवल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा. लगेच कापली तर सगळा रस ताटात जातो.

सोबत टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरून सिरका आणि तेल घातलेलं कचुंबर. तिकडे त्याला 'व्हिनाग्रेची' म्हणतात. फारोफ्याच्या जागी आम्ही जाडा रवा लोण्यात कांद्याबरोबर खमंग भाजून घेतो. तिकडे भात असतो. आमच्याकडे सासूबाईंसाठी तांदळाची भाकरी असते. त्यांनी पहिल्या दिवशी एक घास खाऊन विचारलं होतं, "मसाला घालायला विसरलास का रे?" आता रविवारी असरनंतर त्याच विचारतात, "शेगडी कधी पेटणार?"

गोष्ट इथं फार सुखाची झाली असं मी म्हणणार नाही. एकवीस वर्षं एका रविवारात भरून येत नाहीत. मुलगा अजूनही पुष्कळ गोष्टी आधी मला येऊन सांगतो, आणि ते बघून यांचा चेहरा क्षणभर उतरतो. गावात एकानं तोंडावर विचारलंही, "काय, दुबईत भटारखान्यात होतात म्हणे?" हे म्हणाले, "हो. बारा वर्षं." विचारणाऱ्याला पुढे काही सुचलं नाही. त्या दिवसानंतर घरात ते पाहुणे उरले नाहीत, हे मात्र खरं. त्यांना डब्यांच्या जागा माहीत आहेत आणि मीठ संपलं तर ते मला ओरडतात.

2025 च्या जूनमध्ये मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तो मोबाईल घेऊन झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसला होता. मी आत भाकऱ्या थापत होते.

"अब्बा, वडिलांचा व्यवसाय काय लिहू?"

माझा हात परातीत थांबला. झोपाळ्याची करकरही थांबली.

"ग्रिल कुक लिही," ते म्हणाले.

"निवृत्त लिहू का कंसात?"

"निवृत्त कशाला? रविवारी काम असतं."